फुगा, पुरी आणि अंजिराची गिरणी

एका गावात एक भोळा पुऱ्या तळणारा होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचंय. त्याचं नाव भिवसेन. लग्नकार्यात रंगनाथ आचाऱ्याच्या हाताखाली तो कढईवर बसायचा. हात चांगला होता. डोकं म्हणाल, तर देवानं पुरीसारखंच दिलं होतं, वरून गोल आणि आत हवा.

पण सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याची बायको अंजिरा शहाणी. सहा वर्षं पापड लाटून तिनं साठ हजार रुपये जमवले होते. तिला पिठाची गिरणी घ्यायची होती. गावात सदाशिवची एक गिरणी होती, पण तो बाजरीवर गहू दळायचा आणि विचारलं की अंगावर यायचा. सगळा गाव कंटाळला होता. शेजारच्या गावात एक जुनी गिरणी विकायला निघाली होती आणि तिच्या मालकानं अक्षय तृतीयेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. पैसे बँकेत होते, खातं दोघांच्या नावावर होतं, आणि ते भिवसेनच्या मोबाइलला जोडलेलं होतं. शहाणी माणसंसुद्धा एखादी चूक करतातच.

लग्नसराई सुरू झाली आणि अंजिराचा भाऊ नंदू पाहुणा म्हणून आला. आला तो चालत. भिवसेननं विचारलं, मोटारसायकल कुठं आहे. नंदू म्हणाला, फुग्यात गेली.

"एवढी गाडी फुग्यात मावली कशी?" भिवसेननं विचारलं.

मग नंदूनं मोबाइल काढून समजावलं. पडद्यावर एक फुगा असतो. आपण पैसे लावायचे. फुगा फुगायला लागतो, आणि शेजारी आकडा चढत जातो. सव्वापट, दीडपट, दुप्पट. दुपटीला बटण दाबलं तर शंभराचे दोनशे. पण फुगा कधीही फुटतो, आणि बटण दाबायच्या आत फुटला तर आपले शंभर गेले. भिवसेननं विचारलं, कुठं फुटणार हे कोणाला माहीत असतं? नंदू म्हणाला, मशीनला, फुगवायच्या आधीच ठरलेलं असतं. भिवसेन म्हणाला, मग मशीनलाच विचारू. नंदू म्हणाला, ते सांगत नाही.

यावर कोणीही विचारलं असतं की मग अशा मशीनशी खेळायचं कशाला. पण ते विचारायला अक्कल लागते. भिवसेनला ती नव्हती, आणि नंदूला होती तरी त्यानं विचारलं नव्हतं.

"दाजी, एकच ध्यानात ठेवा," नंदू म्हणाला. "फुटायच्या आत काढून घ्यायचं. जरा फुगलं की काढा. लोभ करायचा नाही."

भिवसेननं आपल्या मजुरीतले शंभर लावले. फुगा जरा फुगला, यानं बटण दाबलं, शंभराचे सव्वाशे झाले. भिवसेनला वाटलं, एवढं सोपं असतं तर आपण इतकी वर्षं धुरात का बसलो.

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या पुतणीचं लग्न होतं. भिवसेन कढईवर. पुरी तेलात पडली, जरा कुठं अंग फुगवायला लागली की यानं झाऱ्यानं उचललीच. लोभ नाही. तीनशे माणसांच्या पंगतीत कच्च्या, चपट्या पुऱ्या फिरल्या. मी त्या पंगतीत होतो. माझ्या पानात पडली ती पुरी मी दोन्ही हातांनी ओढली, तुटली नाही. शेवटी घडी करून खिशात ठेवली.

रंगनाथ आचारी झारा उगारून आला. "अरे, पुरी टम्म फुगेपर्यंत थांबायचं असतं. धीर धरायला शीक जरा."

भिवसेन म्हणाला, बरं.

संध्याकाळी त्यानं दोनशे लावले आणि धीर धरला. दीडपट झाली. दुप्पट झाली. तिप्पट झाली. नंदू म्हणाला, दाजी, काढा. भिवसेन म्हणाला, टम्म फुगू दे. पाचपटीला फुगा फुटला आणि दोनशे गेले. नंदूनं कपाळावर हात मारून घेतला आणि नवा धडा दिला. दीड झालं की निघायचं. डोळे झाकून निघायचं. दीडच्या पुढं थांबला तो मेला.

सकाळी भिवसेन केरबाच्या दुकानात दाढीला बसला. केरबानं उजवा गाल साफ केला. डावा गाल निम्मा झाला, तोच भिवसेन उठला.

"कुठं निघाला?" केरबानं विचारलं.

"दीड झालं," भिवसेन म्हणाला, आणि पैसे देऊन तोंडाला फेस तसाच घेऊन निघून गेला.

तो अर्धा गाल घेऊन तो चार दिवस गावभर हिंडला. पोस्टात गेला तर तिथल्या बाईंनी फोटोशी चेहरा जुळेना म्हणून परत पाठवलं. अंजिरानं दोन दिवस त्याच्याकडं बघून जेवायचंच टाळलं. पाचव्या दिवशी केरबानं त्याला रस्त्यातून धरून आणलं, खुर्चीत दाबून बसवलं आणि सांगितलं की हातातलं काम पुरं झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नसतं.

भिवसेन म्हणाला, बरं.

त्या संध्याकाळी तो मुद्दाम खुर्ची घेऊन खेळायला बसला. फुगा दीडपटीला आला. नंदू म्हणाला, दाजी, दीड, निघा. भिवसेन म्हणाला, अजून काम पुरं झालेलं नाही. फुगा फुटला. "झालं," भिवसेन म्हणाला आणि उठला.

नंदूला आता घाम यायला लागला होता. त्यानं ठेवणीतला धडा काढला. हरलं की पुढच्या डावाला दुप्पट लावायचं. पुन्हा हरलं की पुन्हा दुप्पट. कधी ना कधी जिंकतोच माणूस, आणि एकदा जिंकला की मागचं सगळं भरून निघतं. त्याची मोटारसायकल नेमकी याच धड्यानं गेली होती, तेवढं सांगायचं राहिलं.

पुढचं लग्न केरबाच्याच पोरीचं. रंगनाथ आचारी बुंदीकडं गेला आणि जाताना वांग्याच्या भाजीत मीठ घालायला भिवसेनला सांगून गेला. भिवसेननं घातलं. चाखून बघितलं तर खारट. हरलो, तो मनाशी म्हणाला, आणि दुप्पट घातलं. अजून खारट. परत दुप्पट. चौथ्या वेळी मीठ संपलं म्हणून शेजारून मागून आणलं. नवरदेवाच्या मामानं पहिला घास घेतला आणि उठून हौदाकडं गेला. मी त्याच्या मागोमाग. हौदावर आम्ही पंधरा-वीस जण होतो. बिचारा केरबा मांडवाच्या दारात तोंड लपवून उभा होता, ते बघून मात्र मला हसू आलं नाही.

आचाऱ्यानं भिवसेनला कामावरून काढलं. काढतानाही त्या भल्या माणसाच्या तोंडून शिकवण सुटलीच. म्हणाला, "कढईत आधी एकच पुरी सोडून बघतात ना? तेल तापलंय कळलं की मग घाणा टाकतात. तसं आधी चिमूटभर टाकून बघावं, सगळं एकदम ओतू नये. कळलं? आता जा."

भिवसेन म्हणाला, बरं.

आता घरात कमाई उरली नाही. लग्नसराई चालू, आणि भिवसेनला कोणी मांडवाच्या आसपास उभं करेना. उरली फक्त गिरणी. ती आली तर दोघं जगणार, नाही तर अंजिरानं आयुष्यभर पापडच लाटायचे. अक्षय तृतीया दोन दिवसांवर आली. अंजिरा गिरणी नीट चालते का ते बघायला शेजारच्या गावी गेली.

ती वेशीबाहेर पडली आणि नंदू भिवसेनजवळ येऊन बसला. म्हणाला, दाजी, साठ हजार लावा. एकदाच दुप्पट होऊ दे. तुमची गिरणी, माझी गाडी. गेले चार फुगे लवकर फुटलेत, आता मोठा येणार म्हणजे येणार. फुग्याला मागच्या फुग्याची आठवण नसते, हे सांगायला तिथं कोणी नव्हतं.

भिवसेन तयार झाला. मोबाइल हातात घेतला. पण त्यानं लावले दहा रुपये.

"दहा काय लावता? सगळे लावा," नंदू म्हणाला.

"आधी एक पुरी सोडून बघतो."

टम्म फुगायची वाट बघता बघता फुगा फुटला. दहा गेले. भिवसेन म्हणाला, तेल तापलं नाही. परत दहा लावले. परत फुटला. अजून नाही तापलं. नंदूनं हात जोडले, शपथा घातल्या, ताईच्या गिरणीची आण घातली. भिवसेन शांत. कच्च्या तेलात घाणा टाकायला तो काय वेडा होता? नंदूच्या विनवण्यांत दिवस कलला. सातव्यांदा फुगा फुटला, आणि दारात अंजिरा उभी होती.

तिनं मोबाइल बघितला आणि तिथंच मटकन खाली बसली. मग तिनं विचारलं, किती राहिले.

"एकोणसाठ हजार नऊशे तीस," भिवसेन म्हणाला. "तेलच तापेना."

अंजिरा आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. नवऱ्याच्या वेडेपणावर तिनं जन्मभर कपाळ बडवलं होतं, आज पहिल्यांदा त्या वेडेपणाच्या पाया पडावंसं वाटलं तिला. नंदूला तिनं अंगणात हाकललं, घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. मोबाइल पदरात बांधला. आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "हा फुगा ज्याचा आहे, तो कधी हरत नाही. एखाद्याला जास्त देतो, पण ते दुसऱ्याचं गेलेलं असतं. शंभर घातले की त्यातली दोन-तीन रुपयांची चिमूट त्याची ठरलेली. आज जिंका नाही तर हरा, खेळत राहिलात की चिमटीचिमटीनं सगळं त्याच्याकडं जातं. म्हणून ज्या मशीनात घातल्यापेक्षा कमी परत येतं, त्यात काही घालायचं नाही. दुसरा कोणी घालताना दिसला तर हात धरून मागं ओढायचं. राहील ध्यानात?"

भिवसेन म्हणाला, राहील.

तिथंच आम्ही सगळे बुडालो.

गिरणी आली. कमी पडलेले सत्तर रुपये मसाल्याच्या डब्यातून निघाले. पुढच्या खोलीत गिरणी बसवली, हार घातला, कुंकू लावलं. पहिलं दळण घरच्या पाच किलो गव्हाचं, त्याच्याच पुरणपोळ्यांचा देवीला नैवेद्य, असं अंजिरानं ठरवलं होतं. सकाळी ती नारळ आणि पेढे आणायला गेली. जाताना भिवसेनला म्हणाली, कोणी दळण घेऊन आलं तर बसवून घ्या, कोणाला परत पाठवू नका.

ती गेली आणि रांग लागली. चाळीसभर माणसं असतील. सदाशिवला कंटाळलेला सगळा गाव डबे घेऊन हजर. मी दहा किलो गहू घेऊन तिसरा होतो. पहिल्या होत्या पारूआत्या. त्यांना घाई फार. त्या म्हणाल्या, बसून काय करू, दळून दे. भिवसेननं त्यांचे गहू काट्यावर घातले, बरोबर दहा किलो. दळले. पीठ काट्यावर घातलं, पावणेदहा.

भिवसेननं काट्याकडं बघितलं. गिरणीखाली वाकून बघितलं.

"आत्या, पाव किलो कुठं गेलं?"

"घट असते की रे. मशीन थोडं ठेवून घेतंच."

"दर वेळी?"

"दर वेळी."

भिवसेनचा चेहरा पांढरा पडला. त्यानं बटण बंद केलं. मग रांगेतल्या एकेकाचा हात धरून त्याला मागं ओढलं. मी म्हणालो, अरे, मला दळून हवंय. तो म्हणाला, मलाही असंच वाटायचं, नंदूलाही असंच वाटायचं, त्याची गाडी गेली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मी डबा उचलला. तरी माणसं येतच होती, म्हणून त्यानं खडू घेऊन दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं: इथं दहा घातले की पावणेदहा येतात. कोणी काही घालू नये. मालक.

नंदू अंगणातून आला. त्यानं ते दोनदा वाचलं. फुग्यावर असं कुठं लिहिलेलं नव्हतं, असं काहीसं पुटपुटला आणि मान खाली घालून एसटीच्या थांब्याकडं चालायला लागला.

अंजिरा पेढे घेऊन आली तेव्हा अंगण मोकळं होतं.

"गिऱ्हाईक कुठंय?"

"सगळी वाचवली," भिवसेन म्हणाला. "एक पारूआत्या तेवढ्या सापडल्या."

अंजिरानं दार वाचलं. पेढ्यांचा पुडा हळूच खाली ठेवला. "आणि आपला गहू?"

"हात लावला नाही. पाच किलोचा पाच किलो आहे, मोजून घे." त्यानं खडू खिशात टाकला आणि चपला घातल्या. "आता सदाशिवच्या गिरणीवर जाऊन येतो. तिथं बिचाऱ्यांना सांगणारं कोणी नाही."

त्या दिवशी आमच्या गावात घरोघरी भात झाला.