महाराजांचे एकोणीस हुकूम

“सातपैकी सात सामने हरलो!” चिंचोरे संस्थानचे रणधीरराव महाराज दरबारात गरजले. “हॉकीचा संघ आमचा, काठ्या आमच्या, चेंडू विलायती. मग आम्ही हरतो का?”

क्रीडाधिकारी चटकन पुढे झाले. “मैदान उंचसखल आहे, सरकार. दोष येसू माळ्याचा!”

दिवाणांनी मान डोलावली. खासगी कारभाऱ्यांनी त्याहून जोरात डोलावली.

“मग फिरवा नांगर त्या मैदानावर! संघ मोडा, आणि माळ्याला संस्थानाबाहेर घालवा.”

येसू हात जोडून पुढे आला. वीस वर्षं स्वतः रूळ ओढून त्याने ते मैदान सपाट केलं होतं.

त्याच्यामागे त्याची मुलगी हौसा उभी होती. खेळाडूंच्या तडकलेल्या काठ्यांना दोरा गुंडाळून त्या दुरुस्त करणं हे तिचं काम. ती म्हणाली, “सरकार, मैदान दोन्ही संघांना एकच होतं. ते फक्त आपल्यालाच उंचसखल कसं झालं?”

दरबारात कुणीतरी खोकलं.

“मग दोष कुणाचा?” महाराजांनी विचारलं.

हौसाला ठाऊक होतं. सातही सामने तिने मैदानाच्या कडेला बसून पाहिले होते. सामना सुरू झाला की शामियान्यातून महाराज ओरडत, “डावीकडे!” दिवाण ओरडत, “उजवीकडे!” कारभारी ओरडत, “महाराज म्हणतात तसं!” आणि अकरा खेळाडू शामियान्याकडे माना वळवून खेळत. चेंडू बिचारा एकटाच पळे. पण हे महाराजांच्या तोंडावर सांगणार कोण?

“दोष सांगत नाही, सरकार. जिंकून दाखवते. एक सामना द्या.”

महाराजांना गंमत वाटली. “दिला! रविवारी जांभुळणीकरांशी गाठ आहे. पण एकही खेळाडू बदलायचा नाही. एकही अधिकारी काढायचा नाही. आणि आमचा एकही हुकूम मोडायचा नाही! हरलीस, तर मैदानावर नांगर आणि तुम्ही बापलेक सीमेपार.”

“कबूल! फक्त हुकूम लेखी यावेत. गर्दीच्या गोंगाटात आपला शब्द विरून जातो, सरकार. राजाचा हुकूम कसा दफ्तराच्या रीतीने, सहीशिक्क्यानिशी यावा!”

महाराज खूश झाले. अधिकारी तर त्यांच्याहून खूश! दिवाण म्हणाले, “आधी माझी सही.” कारभारी म्हणाले, “मग माझा शिक्का.” क्रीडाधिकारी म्हणाले, “आणि नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय कागद हलणार नाही!”

“वा! अगदी असंच हवं,” हौसा म्हणाली.

रविवारी मैदानात उतरताना कप्तान इस्माईलने तिला गाठलं. “हौसाताई, हुकूम येईपर्यंत आम्ही करायचं काय?”

“खेळायचं!”

शिट्टी वाजली. महाराजांनी कारकुनाला पहिला हुकूम सांगितला, “डावीकडून चढाई!” कागद शामियान्यामागे दफ्तराच्या टेबलावर गेला. दिवाणांना अक्षर आवडलं नाही, पुन्हा लिहिला. लाख वितळवायची मेणबत्ती वाऱ्याने विझली, पुन्हा पेटवली. शिक्का उलटा उमटला, नवा कागद! तोवर महाराजांचे आणखी चार हुकूम रांगेत उभे होते.

इकडे खेळाडू सवयीने शामियान्याकडेच बघत राहिले, आणि जांभुळणीकरांनी गोल केला.

“हौसे, गेलं गं मैदान!” येसूने डोळे मिटले.

“थांबा हो, आबा.”

शामियान्यातून काहीच ऐकू येईना. शेवटी इस्माईलने मान वळवली आणि कितीतरी दिवसांनी शेजारच्या खेळाडूकडे पाहिलं. “पांडबा, मोकळा आहेस?”

“सात सामने मोकळाच आहे की!”

चेंडू गेला, परत आला, पुन्हा गेला. गोल! मग शामियान्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा चिंचोऱ्याचे तीन गोल होते, जांभुळणीचा एक.

लोक नाचू लागले. महाराज मात्र लालबुंद! “एकोणीस हुकूम दिले आम्ही! एकही पाळला नाही. पोरी, अट मोडलीस!”

“मोडली कुठे, सरकार? ते बघा, हुकूम आत्ताच आले!”

चोपदार चांदीच्या तबकात एकोणीस कागद घेऊन धापा टाकत येत होता. इस्माईल एकेक कागद मोठ्याने वाचू लागला आणि संघ हुकूम पाळू लागला. रिकाम्या मैदानात अकरा जणांनी डावीकडून चढाई केली. मग उजवीकडून. जांभुळणीकर सरबत पीत बघत बसले.

सातवा हुकूम: ‘गोलरक्षकाने पुढे यावे.’ तो पुढे आला. आठवा: ‘गोलरक्षकाने मागे जावे.’ तो मागे गेला. नववा: ‘गोलरक्षक मागे का गेला?’

गोलरक्षकाने वाकून मुजरा केला. “आपल्याच हुकमाने, सरकार!”

 दिवाण स्वतःचे जोडे न्याहाळू लागले. महाराजांच्या मिशा थरथरल्या... आणि ते इतके हसले, इतके हसले, की फेटा सुटून मांडीवर आला.

“सापडला दोष!” डोळे पुसत ते म्हणाले. “मैदान येसूचं, कायमचं! कुणी नांगर आणलाच, तर त्यालाच जुंपा. आणि संघाची कारभारीण आजपासून तू!” हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं. मग जरा चाचरत, हळूच विचारलं, “पण पोरी, पुढच्या सामन्याला आम्ही करायचं काय?”

“टाळ्या वाजवायच्या, सरकार! त्यांना शिक्का लागत नाही.”