तिच्या बाजूची काच

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्यानं भर दुपारी आपली मोटार गॅरेजसमोर आणून उभी केली आणि खाली उतरण्याआधीच सांगून टाकलं, "माझ्याकडून सगळं ठीक आहे, नाना. बिघाड तिच्या बाजूला आहे."

या व्यापाऱ्याचं नाव शिवलिंगअप्पा. पेठेत भरभराटीचं दुकान, प्रशस्त घर, आणि जेवणाचं ताट मात्र एकच. पत्नी अकाली गेली. एकुलत्या एक लेकीनं, गिरिजेनं, आपल्या मनानं जोडीदार निवडला, तेव्हा अप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कुणी विचारलं, की हेच वाक्य: "माझ्याकडून सगळं ठीक आहे, बिघाड तिच्या बाजूला आहे." पुढं लोकांनी विचारणंही सोडलं. मग घर इतकं निःशब्द झालं, की अप्पा रेडिओवर दुसऱ्याच जिल्ह्याचे बाजारभाव ऐकत बसत. त्या बाजारभावांशी त्यांना काय देणंघेणं? कुणीतरी बोलतंय, एवढंच त्यांना हवं असे.

आज संध्याकाळच्या एस.टी.नं गिरिजा येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच. "अप्पा, येऊ का?" एवढंच तिनं फोनवर विचारलं, आणि अप्पांच्या तोंडून "ये" निघून गेलं. बंद गाडीत तिला लहानपणापासून मळमळतं. म्हणून सकाळी अप्पांनी स्वतः तिची सीट पुसली, तिच्या दारावरचं बटण दाबून पाहिलं, तर काच ढिम्म हलेना. एवढ्या वर्षांनी लेक येणार आणि शेजारी गुदमरत बसणार, या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला होता.

नाना म्हणजे गॅरेजचे वृद्ध मिस्त्री. त्यांचा शिष्य हणमंत दोन लेकरांचा बाप, गिरणी बंद पडल्यावर नवी विद्या शिकायला आलेला. तो लगेच पुढं सरसावला. "दार खोलू का, नाना?"

"थांब जरा. अप्पा, तुमच्या दारावरच्या बटणानं ही काच उतरते का?"

"उतरते की! म्हणून तर म्हणतो, माझ्याकडून सगळं ठीक आहे."

"म्हणजे मोटर शाबूत, फ्यूजही शाबूत. आणि मागच्या काचा? त्यांच्या त्यांच्या बटणानं उतरतात?"

अप्पांनी मागच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कुणास ठाऊक. मागं बसतंय कोण?"

नानांनी अप्पांच्या बाजूच्या दारात वाकून एकवार पाहिलं. मग हातातला पाना हणमंतकडं दिला आणि पलीकडून जाऊन डावीकडच्या सीटवर ऐसपैस बसले. "या अप्पा, स्टिअरिंगवर बसा. दारं-काचा लावून घ्या. किल्ली फिरवा, पण एसी नको."

बाहेर ऊन रणरणत होतं. घटकाभरातच गाडीची भट्टी झाली. नाना आपल्या बाजूचं बटण दाबत राहिले. टक, टक, टक. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

"अप्पा, गुदमरतंय मला."

अप्पांनी घाईनं आपल्या दाराकडं हात नेला. "थांबा, मी उतरवतो."

"तसं नको. माझी काच मला माझ्या हातानं उघडू द्या."

अप्पांचा हात तिथंच थबकला. काचांच्या बटणांशेजारी आणखी एक छोटं बटण होतं, बाकीच्या दारांवरची बटणं बंद करणारं, आणि ते आत दाबलेलं होतं.

आणि त्यांना सारं आठवलं. कॉलेजचं फाटक. निरोप द्यायला उभा असलेला तो मुलगा, गिरिजेनं निवडलेला. गिरिजा काच उतरवू लागली, तेव्हा अप्पांनी स्वतःच्या बोटानं हे बटण दाबलं होतं. पोरीनं आपलं बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं, असंच, टक, टक. मग हात मांडीवर ठेवला. घर येईपर्यंत तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, की मळमळतंय म्हणून सांगितलं नाही.

"अरेरे," अप्पा पुटपुटले, "मीच की हो!" त्यांनी ते बटण दाबून मोकळं केलं. नानांची काच सरसर खाली गेली.

हणमंतला राहवेना. "नाना, तुम्हाला तर आधीच दिसलं होतं! आपणच दाबलं असतं की. एवढ्या उन्हात शिजायची काय हौस?"

नाना घाम पुसत म्हणाले, "मी दाबलं असतं तर काच चालू झाली असती, हणमंता. पण अप्पा म्हणाले असते, तिच्या बाजूचा बिघाड काढून आणला. हे कुलूप चालवणाऱ्याच्या हाताशी असतं, आणि त्या कुलपानं त्याची स्वतःची काच कधी अडत नाही. त्यामुळं त्याला खरोखरच वाटतं, आपलं सगळं ठीक आहे. गुदमरतो तो शेजारचा. म्हणून मी शेजारी बसलो."

अप्पांनी मान खाली घातली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर गिरिजा पाहुण्यासारखी मागचं दार उघडायला गेली. अप्पा म्हणाले, "पुढं बस." ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. गाडी निघाली. तिचा हात बटणाकडं गेला, आणि बटण दाबण्याआधी तिनं घाबरून बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं.



"उघड, बाळ," ते म्हणाले. "त्या दिवशी मीच बंद केली होती."

काच खाली गेली. स्टँडवरची धूळ, फेरीवाल्यांचा कालवा, सगळं आत आलं. बराच वेळ गिरिजा तोंड बाहेर काढून वारा खात राहिली. मग वळून त्यांच्याकडं बघत म्हणाली, "अप्पा, किती वाळलात हो तुम्ही!"