पोटभर उपवास

एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात मोठ्यांना फार मान होता. इतका, की मोठे बोलायला लागले की लहान माणसं डोळे उघडे ठेवून झोपायची. यालाच तिथे शिस्त म्हणत.

त्या कॉलेजात नेत्रा घोलप आणि तौसीफ मुजावर हे दोघे संगणकाच्या शेवटच्या वर्षाला शिकत होते. नेत्राची जीभ चालायची आणि तौसीफचे हात. दोघांनी मिळून रक्तदानासाठी मोबाइलचं एक अ‍ॅप बनवायला घेतलं. गावात सरकारी दवाखाना होता. लहानशी रक्तपेढी होती. रक्त द्यायला तयार असलेली माणसंही भरपूर होती. फक्त कोणाला कधी रक्त लागतंय, हे देणाऱ्याच्या कानावर जात नव्हतं. म्हणून अ‍ॅपचं नाव ठेवलं ‘हाक’.

‘हाक’ कोणालाही वापरता आलं पाहिजे, असा नेत्राचा हट्ट होता. त्यासाठी तिने एक रीत ठरवली. अ‍ॅपमधली प्रत्येक गोष्ट आधी बाजारातल्या पाच माणसांच्या हातात द्यायची आणि आपण तोंड मिटून बाजूला उभं राहायचं. माणूस अडखळला तर चूक अ‍ॅपची, माणसाची नाही.

भाजीवालीच्या ओल्या बोटाखाली बटण येईना, तेव्हा बटण मोठं झालं. शिंप्याने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “पोरी, हे मुंग्यांनी वाचायचं आहे का?” त्या रात्रीत अक्षरं दुप्पट झाली. गॅरेजवाल्याने ‘नोंदणी प्रक्रिया पूर्ण करा’ हे वाचून फोन सरळ परत दिला. तिथे ‘तुमचं नाव सांगा’ आलं. तीन महिन्यांत सहाशेच्या वर लोकांनी नाव नोंदवलं. त्यांतले सातजण ओ निगेटिव्ह गटाचे होते. हा गट फार थोड्यांचा असतो, म्हणून त्या सात नावांवर तौसीफचा विशेष जीव.

रक्तपेढीच्या डॉक्टर शेटे मॅडमनी दोघांना एकच गोष्ट बजावली होती. “उपाशी माणसाचं रक्त मी घेणार नाही. चार तासांत पोटात काहीतरी गेलेलं हवं.”

म्हणून हाक पोचण्याआधी अ‍ॅप दात्याला विचारायचं, ‘चार तासांत काही खाल्लंय का?’ ‘नाही’ म्हटलं तर सांगायचं, ‘आधी खाऊन घ्या, मग या.’ हा प्रश्नही बाजारात पाच जणांना दाखवून झाला होता. पाचही जण हसले होते आणि पाचही जणांनी बरोबर उत्तर दिलं होतं.

मग अ‍ॅप मोठ्यांना दाखवायची वेळ आली.

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले यांनी फोन हातभर लांब धरून सगळं पाहिलं. त्यांना बटण आवडलं, नाव आवडलं. प्रश्न आवडला नाही.

“खाल्लंय का, हे काय विचारणं झालं? लग्नाच्या पंगतीत उभे आहोत का आपण? ‘आज आपला उपवास आहे का?’ असं विचारा. आपल्या संस्कृतीला शोभेल. आणि जो ‘हो’ म्हणेल त्याला पुढे त्रास देऊ नका. धन्यवाद म्हणा आणि सोडून द्या.”

“पण सर,” नेत्रा म्हणाली, “उपवास असला तरी लोक खातातच ना?”

“उपवास म्हणजे उपवास. तीस वर्षं चतुर्थी धरतोय मी. तुझं वय काय गं?”

“एकवीस.”

“बघा!” तात्यासाहेब प्राचार्यांकडे वळून म्हणाले, आणि प्राचार्यांनी बघितलं.

नेत्राने प्रश्न विचारला होता. तिला उत्तर मिळालं नाही, वय मिळालं. पुष्कळ मोठी माणसं असाच हिशेब करतात.

दोघं बाहेर आली. नेत्राचा चेहरा तव्यासारखा तापला होता.

“चल, हा नवा प्रश्न घेऊन बाजारात जाऊ. पाच जणांना विचारू,” ती म्हणाली.

“जाऊ दे ना,” तौसीफ म्हणाला. “चार दिवसांवर लोकार्पण आलंय. एक ओळ तर बदलायची. कशाला त्यांच्याशी पंगा?”

तौसीफ दमला होता. नेत्राही दमली होती. तिला पक्कं माहीत होतं की हा प्रश्न चुकीचा आहे. तरी ती गप्प बसली. आयुष्यात ती फार थोड्या वेळा गप्प बसली होती, आणि त्यासाठी तिने नेमकी ही वेळ निवडली. ओळ बदलली. बाजारात कोणालाही दाखवली नाही.

लोकार्पणाचा मुहूर्त तात्यासाहेबांनी स्वतः काढला होता. अंगारकी चतुर्थी! मंगळवारी आलेली संकष्टी. अशा दिवशी अख्ख्या तालुक्याचा उपवास असतो. आणि अख्खा तालुका उपवासाला काय खातो, हे कोणाला सांगायला नको.

सकाळी साडेदहाला सभागृह भरलं. दारातच फराळाची टेबलं मांडली होती. साबुदाणेवडे होते, खिचडी होती, शेंगदाण्याची आमटी होती, रताळ्याचा कीस होता, राजगिऱ्याचे लाडू होते, केळ्यांचे घड होते. तौसीफने त्या टेबलांकडे पाहिलं आणि नेत्राच्या कानाशी लागून म्हणाला, “आमच्या रोज्यात दिवसभर पाण्याचा थेंब नसतो. तुमच्या एका उपवासात आमच्या घरचं दोन वेळचं जेवण होईल.”

“आता सुचलं तुला?” नेत्रा म्हणाली. “चार दिवसांपूर्वी कुठे होतास?”

तात्यासाहेबांचं भाषण सुरू झालं. त्याच वेळी नेत्राचा फोन थरथरला. डॉक्टर शेटे मॅडम होत्या.

“नेत्रा, तुमच्या हाकेला झालंय काय? माझ्याकडे पूनम नावाची मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. पहिलं बाळंतपण. अंगात रक्त कमी, आणि संध्याकाळी पाचला ऑपरेशन करावंच लागणार. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या हव्यात. माझ्याकडे एकही नाही, जिल्ह्याला विचारलं तर तिथेही नाही. घेतलेलं रक्त तपासायला चार तास जातात. म्हणजे बाराच्या आत मला दोन माणसं खुर्चीत बसलेली हवीत. तासाभरापूर्वी अ‍ॅपवरून सातही जणांना हाक दिली. एकही आलेला नाही.”

नेत्राने अ‍ॅप उघडलं. सात नावं. सातही नावांपुढे लिहिलं होतं, ‘उपवास: हो.’ सातही जणांना अ‍ॅपने धन्यवाद म्हटलं होतं आणि सोडून दिलं होतं. रक्त हवंय, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

“सातही जणांना फोन लाव,” ती तौसीफला म्हणाली.

तौसीफने लावून पाहिले. दोन बंद होते. बाकीचे कोणी उचलेना. त्यांना रिंगच ऐकू येत नसणार, कारण बाहेर देवळात लाउडस्पीकर लागला होता. घड्याळात अकरा वाजले होते.

व्यासपीठावर तात्यासाहेब सांगत होते, “तरुणांपाशी वेग असतो. पण अनुभव कोणापाशी असतो?”

नेत्रा उठली. ती व्यासपीठावर चढली आणि माइकपाशी गेली.

“तात्यासाहेब, थांबा.”

सभागृहातले सगळे झोपलेले डोळे एकदम जागे झाले.

“भाषण चालू आहे,” तात्यासाहेब म्हणाले.

“दवाखान्यात एक बाई अडली आहे. भाषण नंतर होईल, बाराची वेळ परत येणार नाही.” आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता ती लोकांकडे वळली. “आज ज्यांचा उपवास आहे, त्यांनी हात वर करा.”

तीनशे हात वर गेले. तात्यासाहेबांचाही गेला.

“आता सकाळपासून ज्यांच्या पोटात काहीच गेलेलं नाही, त्यांनी हात तसाच ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.”

मागच्या रांगेतला एक हात लाजत लाजत खाली आला. मग दुसरा. मग वाऱ्याने ज्वारी झुकावी तसे हात भराभर खाली आले. कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू रांगारांगांतून पुढे आलं. शेवटी सगळ्या सभागृहात एकच हात वर राहिला. तो तात्यासाहेबांचा होता.

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी शैलजाकाकू बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो, हात खाली घ्या,” त्या म्हणाल्या. “सकाळी तीन साबुदाणेवडे कोणी खाल्ले? आणि वर दही मागितलंत ते?”

सभागृह असं हसलं की पंखेसुद्धा हलल्यासारखे वाटले. प्राचार्य हसू दाबायला खोकले आणि खोकताना आणखी हसले. तात्यासाहेबांनी हात खाली घेतला.

“हाच आपला प्रश्न आहे,” नेत्रा म्हणाली. “आपण लोकांना उपवास विचारला. विचारायला हवं होतं पोट. सात माणसं पोटभर जेवून घरात बसली आहेत आणि आपण त्यांना उपाशी समजून सोडून दिलंय. चूक माझी आहे. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. ओ निगेटिव्ह गटाचं कोणी आहे का इथे?”

पहिल्या रांगेतूनच उत्तर आलं.

“मी आहे की,” शैलजाकाकू म्हणाल्या. “माहेरच्या नावाने नोंद आहे माझी, आणि फोन भाषणासाठी बंद केलाय. मला आला होता तो प्रश्न. मी ‘हो’ दाबलं. धन्यवाद आलं. मला वाटलं, काहीतरी पुण्य जमा झालं खात्यावर.”

“काकू, काही खाल्लंय?”

“दोन वाट्या वरी आणि आमटी. लाडू मोजू का?”

लाडू मोजायला वेळ नव्हता. शैलजाकाकूंनी पदर खोचला आणि त्या निघाल्यासुद्धा. तात्यासाहेब माइकपाशी उभे होते. मग ते तौसीफकडे वळले.

“तो माझा प्रश्न काढायला किती वेळ लागेल?”

“दहा मिनिटं, सर.”

“मग बघतोस काय माझ्याकडे? काढ!”

तौसीफ व्यासपीठाच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. तीनशे माणसं श्वास रोखून त्याची बोटं पाहत होती. इतक्या शांततेत त्या सभागृहात कोणाचं भाषणही कधी ऐकलं गेलं नव्हतं. अकरा वाजून बावीस मिनिटांनी जुना प्रश्न जागेवर आला आणि उरलेल्या सहा जणांना पुन्हा हाक गेली. या वेळी हाकेत पूनमची निकडही स्पष्ट लिहिली होती, आणि देवळातला लाउडस्पीकरही तेवढ्यात थांबला होता.

पहिला माणूस अकरा पस्तीसला रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. तो देवळाबाहेर खिचडी वाटणारा बाबुराव आचारी होता. हातात झारा तसाच होता.

“काही खाल्लंय का?” डॉक्टर शेटे मॅडमनी विचारलं.

“मॅडम, नुसती चव बघता बघताच तीन बश्या झाल्यात.”

मॅडमनी दोघांचंही वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासलं. सगळं ठीक निघालं. बाराला दहा कमी असताना शैलजाकाकू एका खुर्चीत होत्या आणि बाबुराव दुसऱ्या. बारा वाजेपर्यंत आणखी तिघं येऊन बाकावर बसले, आणि आपला नंबर लागत नाही म्हणून भांडायला लागले. मॅडमनी त्यांना लिंबू सरबत देऊन, पुढच्या वेळी आधी तुम्हीच, असं सांगून परत पाठवलं.

संध्याकाळी सहा वाजता पूनमला मुलगी झाली. दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी इतक्या जोरात रडली की बाहेर बसलेला तिचा नवरा दचकून उभा राहिला आणि मग हसत हसत खाली बसला. आई आणि मुलगी दोघी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी नेत्राला कार्यालयात बोलावलं. प्राचार्य आधीच तिथे तोंड पाडून बसले होते. आता पोरीची कानउघाडणी होणार, असं त्यांना वाटलं होतं.

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“त्या अ‍ॅपमध्ये आणखी काय काय चुकलंय?” त्यांनी विचारलं. वय विचारलं नाही.

नेत्राने वही उघडली. “अठरा गोष्टी आहेत, सर. पहिली म्हणजे, अ‍ॅप उघडल्या उघडल्या तुमचा फोटो येतो. तो जायला पाच सेकंद लागतात. रक्त शोधणाऱ्या माणसाला ती पाच सेकंद फार असतात.”

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

सतरा गोष्टी एकीकडे आणि ही एक एकीकडे. तात्यासाहेबांनी शिपायाला हाक मारली आणि चहा सांगितला.

“काढा फोटो,” ते म्हणाले. “आणि आता दुसरी सांग.”

तात्पर्य: चूक दिसत असताना मोठ्यांचा मान राखायला गप्प बसणं म्हणजे आदर नव्हे, आणि ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर द्यावं, वय विचारू नये.