मुंग्यांनी चालून दाखवलेली खिंड

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. भोरड्यांचा मोठा थवा पिल्लांसह एका अरुंद खिंडीपाशी अडला. प्रत्येक पक्षी शेजाऱ्याकडे पाहून वळायचा. आत सगळे मिळून कसे वळतील, हे म्होरक्या साळूलाही सांगता येईना.

"एकमेकांवर आदळलो तर पिल्लं जातील," ती म्हणाली.

"साळूताई, आम्ही तुमच्यासारखंच शेजारणीकडे पाहून वळत चालून दाखवतो," खालून एक म्हातारी मुंगी म्हणाली.

खिंडीसारख्याच वळणाच्या, दोन दगडांमधल्या फटीतून मुंग्या निघाल्या. पण वाटेत गवताचे दाणे पडले होते. काही मुंग्या तिकडे वळल्या आणि धडकाधडकी झाली.

"या तर चुकतात! यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" पक्षी कुरकुरले.

"चुकतो खऱ्या. म्हणून आता मुद्दाम जास्त चुकतो, म्हणजे धडका आमच्या चालीमुळे होतात की दाण्यांमुळे, ते कळेल," म्हातारी म्हणाली. तिने आणखी दाणे टाकायला लावले, तशा धडकाही तेवढ्याच पटीने वाढल्या. मग बरेचसे उचलले, तशा त्या त्याच प्रमाणात कमी झाल्या. फटीत रुतलेले दाणे मात्र निघेनात.

साळू आनंदाने ओरडली, "अगं, दाणे नसतेच, तर एकही धडक झाली नसती! खिंडीत कुठले आलेत दाणे?"

थवा आत शिरला, वळला आणि सुखरूप बाहेर पडला. पलीकडच्या झाडावर पिल्लांचा कलकलाट ऐकत साळूने पहिल्यांदाच पंख सैल सोडले.