पोशी कोळीण आणि उघडा डोंगर

फार फार वर्षं झाली. तेव्हा खाडीकाठची पोरं लाटांची गाज ऐकत पाळण्यात झोपत. त्या काठावरच्या एका गावात पोशी नावाची कोळीण राहत होती.

एका वर्षी नदीतून माती वाहून येऊ लागली. खाडी गढूळ झाली, मग उथळ झाली. होड्या चिखलात रुतल्या, मासळी दिसेनाशी झाली. लोक गाव सोडायची बोलणी करू लागले.

"ही वरच्या डोंगरकऱ्यांची करणी! जाते नि जाब विचारते," पोशी म्हणाली.

नदीच्या काठाकाठाने ती वर निघाली. धुकं तिच्या पुढेपुढे चालत होतं. पाण्याचा आवाज बारीक होत गेला, कुणी झोपेत कुजबुजावं तसा. मग तोही थांबला. समोर बोडका डोंगर होता, आणि आटलेल्या झऱ्यात लखमा नावाचा म्हातारा करवंटीने पाणी गोळा करत होता.

"आमची खाडी बुजवलीत तुम्ही!" पोशी कडाडली.

लखमाने करवंटी पुढे केली. "दमलीस बाय. आधी पाणी पी."

ती प्यायली. तेव्हा तो म्हणाला, "झाडं गेली, माती सुटली. तोडली आम्हीच. पण लाकूड मागत कोण होतं? मीठ देऊन तुमचंच गाव नेत होतं ना?"

पोशीला आपली चूल आठवली. काठावरच्या चिखलात वाढणारी तिवराची झाडं जाळून संपली, तेव्हापासून तिच्या चुलीत डोंगराचंच लाकूड जळत होतं. तिची मान खाली गेली.

"मग आता रे, बाबा?"

"आमच्या एकट्यांच्या हातून डोंगर आवरत नाही."

पोशीने गावात येऊन सगळं सांगितलं. "डोंगरावर आपलं काय काम?" लोक हसले. ती टोपली घेऊन पुन्हा वर गेली आणि माती अडवायला उतारावर दगडांचे बांध रचू लागली. तिच्या मागोमाग आधी तिची जाऊ गेली, मग शेजारी, मग हसणारेही. लाकूड आणणं त्यांनी सोडलं. डोंगरकरी खाली उतरले, गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी तिवरं लावली.

वर्षं सरली. डोंगर हिरवा झाला, झरे बोलू लागले, खाडी निवळली. पुढे एका रात्री समुद्र खवळून गावावर चालून आला, तेव्हा लाटा तिवरांच्या जाळीत अडकून थकल्या. सकाळी एकूण एक घर उभं होतं. तिवरांच्या मुळांत चिमुकली मासळी चमकत होती, आणि लखमाची नातवंडं पोशीच्या अंगणात भात जेवत होती.

तात्पर्य: वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून जपलं, तरच पाणी दोघांनाही जगवतं.