तांब्याचं बूड

फार मागची गोष्ट. दगडफोड्यांची पालं तेव्हा गावोगाव हिंडायची. त्यातल्या हौसाक्काच्या पालात एक पितळी तांब्या होता. चिंचेनं घासला की लखलखायचा, पण मनात सदा धाकधूक. पोचा पडला, गळायला लागलो, तर थेट मोडीत जाईन!

एका मुक्कामाला येताना पाटा-वरवंटा गाड्यावरून पडून फुटला. भाकऱ्या झाल्या, पण तोंडी लावायला काही नव्हतं. हौसाक्कानं तव्यावर मिरच्या-लसूण भाजले, मीठ टाकलं आणि ठेचायला काही मिळतंय का बघू लागली. तांब्या गाठोड्यामागं सरकला.

"लपतोस काय?" तवा म्हणाला. "माणसं दिवसभर घण मारून आलीत. कोरडी भाकर घशाखाली उतरंल का त्यांच्या?"

"आन् माझं बूड फुटलं तर, तवेदादा?"

तेवढ्यात हौसाक्कानं त्याची मान धरली. तापल्या तव्यावर बूड दणादण आपटू लागलं. पालभर ठसका उठला. बूड काळं झालं, पोचाही पडला, पण तांब्या गळला नाही.

"अक्का, ह्याला म्हणायचं काय?" बोटं चाटत माणसांनी विचारलं.

"ठेचलाय, तर ठेचा म्हना!"

मग रोज तेच. पुढं नवऱ्यानं काळा दगड घडवून नवा पाटा-वरवंटा केला. हौसाक्कानं मिरच्या उचलल्या आणि पाट्याकडं पाहिलं.  हळूच तांब्या आडवा कलंडला, आपलं काळं, पोचा पडलेलं बूड तिच्याकडं केलं आणि वाट बघू लागला.