चार टक्क्यांचा अडसर

“मग आठच का, उस्ताद? चार का नको?”

बाबालाल उस्ताद वांग्यांना पाणी पाजत होता. साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसात तीस वर्षं फोरमन होता गडी, आता खोरं घेऊन पाटावर बसतो. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुयोगला कुठला दम! कारखान्याचा नवा इंजिनियर, अंगात कडक इस्त्री, पायात चकाकते बूट. बूट घालून वाफ्यात आला, म्हणजे पोरगं शिकलेलंच म्हणायचं. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या ऑर्डरीवर आज त्याची सही व्हायची होती. कागद खिशात, पेन कानावर.

“जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात विजेला आठ टक्के अडसर आहे,” तो म्हणाला. “इम्पिडन्स. तुमच्याच पसंतीचा. ऊस गाळायची मोटर सुरू झाली की सगळ्या कारखान्याचे दिवे डोळा मारतात. अडसर निम्मा केला, तर एक दिवा हलायचा नाही.”

“खरं हाय.”

“मग मी चूक काय बोललो?”

“कुठं काय...”

उस्तादनं खोऱ्यानं पल्याड दाखवलं. “त्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोचंना बघ. काय करावं?”

सुयोगनं पाटाच्या तोंडाशी वाकून बघितलं. तिथं तीन दगड घट्ट बसलेले.

“हे कुणी घातले?”

“म्याच.”

“आणि वर मलाच विचारता? काढा की!”

“तूच काढ बाबा. इंजिनियर तू हायस.”

बूट काढून बांधाखाली ठेवले, विजार गुडघ्यावर घेतली, आणि पठ्ठ्यानं तिन्ही दगड उपसून फेकले. पाणी खळाळत सुटलं. शेवटचा वाफा हां हां म्हणता भरला. सुयोग कमरेवर हात ठेवून असा उभा, जसा काही नदीच आणली त्यानं.

“बघा!”

“झकास,” उस्ताद म्हणाला. उठला, आणि पाटाच्या बांधाला टाच मारली.

बांध फुटला.

“बुजव आता,” त्यानं चिखलाचं एक ढेकूळ सुयोगच्या हातात दिलं.

सुयोगनं भगदाडावर ढेकूळ दाबलं. गेलं वाहून. दुसरं दाबलं. तेही गेलं. मग पाय घातला, तर पाय घसरला आणि साहेब बदकन चिखलात बसले. बूट मात्र डौलात निघाले शेजारच्या रानाकडं.

उस्ताद हसला नाही. सावकाश गेला, तिन्ही दगड होते तिथं परत बसवले. पाणी बारीक झालं. मग तेवढंच एक ढेकूळ भगदाडावर टाकून पायानं दाबलं.

पाणी थांबलं.

सुयोगनं एकदा दगडांकडं बघितलं, एकदा बुजलेल्या भगदाडाकडं.

“म्हणजे कुठं शॉर्ट झालं, की...”

“मला काय इचारतोस? मी वांगी लावणारा माणूस.”

सुयोग चिखलातच बसून बोटांवर हिशेब करायला लागला. “आठ टक्क्यांना शॉर्टमधनं नेहमीच्या साडेबारा पट करंट धावणार. चार टक्क्यांना... पंचवीस पट.”

“मोठा आकडा हाय.”

“पण तो तोडायला ब्रेकर आहे ना!”

“कुठला?”

“जुनाच.”

“किती तोडतो?”

“पंधरा पट. त्याच्या वर गेलं तर ब्रेकरच फुटायचा...”

“आन त्याच्या म्होरं उभं कोण असतं?”

सुयोग चिखलातनं उठला. ब्रेकरच्या पॅनलसमोर त्याचा हिंदुरावमामा असतो, हे उस्तादला काय ठाऊक नव्हतं? उस्तादनंच तर मामाला ते काम शिकवलं होतं. बाप गेल्यावर ह्याच मामानं सुयोगला खांद्यावर बसवून शाळेत पोचवला होता, ओढ्याला पाणी असलं तरी.

सुयोगनं खिशातला कागद काढला. भिजून चिंब झालेला. त्याच्यावरचा ‘चार’ मात्र साफ वाचता येत होता.

“मग आठ लिहू का, उस्ताद? सांगा ना! दिवे डोळा मारू देत की काय?”

उस्तादनं चार वांगी तोडली, देठाचे काटे सांभाळत सुयोगच्या ओंजळीत ठेवली.

“तुला पायजे ते लिही, बाळा. चार लिहिलंस तर तेवढं एक कर... जुन्याच ब्रेकरवर नव्या ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबशील त्या दिवशी, मामाला हिकडं वांगी न्यायला धाड.”